भाषाविचार : जाई, येई, करी

कारंजा लाड येथील एका वाचकभगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें. त्यांच्या दिरांची नात कृषिशास्त्राची पदवी घेऊन मक्याच्या अभ्यासासाठीं मेक्सिकोस जाणार आहे आणि त्याकरितां संगणकावरून रोज रात्रीं स्पॅनिश भाषेचे धडे घेत आहे. शिक्षकांनीं तिला ‘माझ्या पणजीचें घर’ या विषयावर दहा ओळी लिहावयास सांगितलें. मुलगी हुशार, तिनें त्या तासाभरांत लिहिल्या व जेवतांना त्यांचा मराठी अर्थ घरच्या मंडळींस वाचून दाखविला. तो असा : “माझी पणजी पहांटे उठली. तिनें तुळशीस पाणी घातलें. तिनें पोथीचा एक अध्याय वाचला. आम्ही सर्व मुलें एका पंक्तीस जेवलों.” शिक्षकांनीं त्यावर एवढाच शेरा मारला होता कीं, हें सारें एकाच दिवशीं घडलें काय? पत्रलेखिका विचारतात कीं, स्पॅनिशमध्यें ‘इम्पर्फेक्ट’ म्हणून जो काळ आहे तो या मुलीस मराठींतून समजावून देतां येईल काय? पत्राच्या अखेरीस त्या लिहितात : “मी तिला म्हटलें, अग, उठे, घाली, वाची असें लिही. त्यावर ती म्हणाली, मोठी आजी, जाई हें फूल मला ठाऊक आहे, पण हें ‘उठे’ आणि ‘वाची’ काय?”

मूळ प्रश्नापेक्षां हें शेवटचें वाक्यच आम्हांस अधिक चिंतनीय वाटलें. मुलीस स्पॅनिशचा एक काळ येत नाहीं याचें नवल नाहीं. ती तो शिकेल. परंतु तोच काळ तिच्या स्वतःच्या भाषेंत असून तो तिच्या कानांवरून गेलेला नाहीं, हें कोणाहि जाणत्या कुटुंबास थोडें टोंचणारेंच आहे. तेव्हां दोन्ही गोष्टी एकदमच पाहूं.

स्पॅनिशमध्यें भूतकाळाचीं साधीं रूपें दोन. एक घडून संपलेली गोष्ट सांगतें : ‘आब्लो’ म्हणजे तो बोलला. दुसरें त्या वेळीं चालूं असलेली, वारंवार होणारी किंवा नुसती असलेली गोष्ट सांगतें : ‘आब्लाबा’ म्हणजे तो बोले, बोलत असे, बोलत होता. या दुसऱ्यास लॅटिन व्याकरणकारांच्या परंपरेनें अपूर्ण काळ म्हणतात. अपूर्ण म्हणजे सदोष नव्हे. क्रियेचा शेवट त्या रूपांत सांगितलेला नसतो, इतकाच त्याचा अर्थ.

येथें घरांतील संस्कृतज्ञ वडील मंडळी म्हणतील कीं, हा तर आमचा लङ्! भांडारकरांच्या पुस्तकांत त्याचें इंग्रजी नांव हेंच होतें. नांव तेंच, हें खरें. पण काम तें नव्हे. ‘अगच्छत्’ म्हणजे गेला. त्यांत ‘नेहमीं जात असे’ असा अर्थ आपोआप येत नाहीं. युरोपीय पंडितांनीं ग्रीक व्याकरणाच्या सांच्यांतून संस्कृत पाहिलें तेव्हां रूपाच्या साम्यावरून त्यास हें नांव दिलें, आणि शाळेंतील कित्येक पिढ्यांनीं तें पाठ केलें. संस्कृतांत या स्पॅनिश काळास जवळचें असें कांहीं पाहिजेच असेल तर तें ‘वसति स्म’ हें होय. क्रियापद वर्तमानाचें, शेजारीं ‘स्म’ हा छोटासा शब्द, आणि अर्थ मात्र पूर्वींचा : राहत असे. पाणिनीनें यासाठीं स्वतंत्र सूत्र केलें आहे. वर्तमानाच्या रूपानें भूतकाळ सांगण्याची ही खोड वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां रूपें. स्पॅनिश धातूंचे शेवट तीन प्रकारचे : आर, एर, इर. ‘आब्लार’ म्हणजे बोलणें, ‘कोमेर’ म्हणजे खाणें, ‘बिबिर’ म्हणजे राहणें, जगणें. पहिल्या गटास ‘आबा’ लागतो : मी आब्लाबा, तूं आब्लाबास, तो आब्लाबा, आम्ही आब्लाबामोस, तुम्ही आब्लाबाइस, ते आब्लाबान. दुसऱ्या व तिसऱ्या गटांस मिळून एकच प्रत्यय आहे, तो ‘ईआ’ : कोमीआ, कोमीआस, कोमीआ, कोमीआमोस, कोमीआइस, कोमीआन, त्याचप्रमाणें बिबीआ, बिबीआस, बिबीआ आणि पुढचीं. यांतील ‘ई’ वर नेहमीं जोर असतो व लिहितांना तिच्यावर टिंबाऐवजीं तिरकी रेघ देतात. ‘आबा’ च्या गटांत ती रेघ फक्त ‘आम्ही’ च्या रूपांत येते. दोन स्वरांमधला ‘ब’ ओंठ न मिटतां म्हणावयाचा असल्यामुळें ‘आब्लाबा’ कानास ‘आब्लावा’ सारखें लागतें. ‘तुम्ही’ चीं ‘बाइस’, ‘ईआइस’ हीं रूपें स्पेनमध्यें चालतात, मेक्सिकोंत नाहीं. तेथें अनेकांशीं बोलतांना ‘ते’ चेंच रूप वापरतात. म्हणजे आमच्या या मुलीस सहा नव्हे, पांचच खणांची उजळणी पुरे. आणि त्यांतहि मी व तो यांचें रूप एकच.

अपवाद किती? सबंध भाषेंत तीन. असणें ‘सेर’ याचें ‘एरा’, जाणें ‘इर’ याचें ‘इबा’, पाहणें ‘बेर’ याचें ‘बेईआ’. वर्तमानकाळांत ज्या धातूंनीं विद्यार्थ्यास रडविलें तेच येथें निमूटपणें रांगेंत उभे राहतात : जवळ असणें याचें ‘तेनीआ’, करणें याचें ‘आसीआ’. स्पॅनिशचा याहून सरळ काळ आम्हांस तरी आढळला नाहीं. रूपें एका दिवसांत पाठ होतात. अवघड आहे तें कोणत्या जागीं तीं वापरावीं हें, आणि तेथेंच मराठीचा उपयोग आहे.

मराठी व्याकरणांत या काळास रीतिभूतकाळ म्हणतात. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथांत त्याच्या रूपांस ईआख्यात म्हटलें आहे. मी करीं, तूं करीस, तो करी, आम्ही करूं, तुम्ही करा, ते करीत. बहुधा सकर्मक धातूंस ‘ई’ व अकर्मकांस ‘ए’ : करी, मारी, वाची, पण बसे, उठे, बोले. जाई, येई, खाई, देई हे स्वरान्त धातूहि ‘ई’ च्याच बाजूस. स्पॅनिशांत ‘आबा’ आणि ‘ईआ’ असे दोन सांचे, मराठींत ‘ए’ आणि ‘ई’ असे दोन. त्या दोहोंत नातें कांहीं नाहीं, योगायोग आहे. पण मुलांस पाठ करावयास असे योगायोग बरे पडतात. तिकडे ‘मी’ आणि ‘तो’ यांचें रूप एक, आणि इकडेहि केवळ एका अनुस्वाराचा भेद. तोहि बोलण्यांत केव्हांच लोपला होता, व नव्या शुद्धलेखनांत लिहिण्यांतूनहि गेला.

याहून महत्त्वाचें साम्य दुसरेंच आहे. ‘मी पोळी खाल्ली, मी लाडू खाल्ला’ यांत क्रियापद पोळी-लाडवाच्या मागें धांवतें. ‘तो गेला, ती गेली’ यांत तें लिंग पाळतें. परंतु ‘तो पोळी खाई, ती लाडू खाई’ यांत क्रियापद फक्त कर्त्याचें ऐकतें, आणि कर्ता पुरुष आहे कीं स्त्री हेंहि विचारीत नाहीं. स्पॅनिशचें ‘कोमीआ’ नेमकें असेंच वागतें. आज घरोघरीं आपण ‘आजोबा जायचे, आजी जायची’ असें बोलतों. अर्थ तोच, पण तें रूप लिंगवचनांच्या कांट्यांतून जातें. ज्या मुलास ‘जाई’ ठाऊक आहे त्यास स्पॅनिशचा हा काळ परका वाटूं नये.

‘जाई’ आणि ‘गेला’ यांत असा फरक कां? याचें उत्तर शोधावयास कारंज्याच्या मंडळींस फार दूर जावयास नको. कारंजा म्हटलें कीं आपणांस श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान व गुरुमंदिर आठवतें. पण त्याच गांवच्या जैन मंदिरांतील ग्रंथभांडारांनीं भाषेच्या अभ्यासकांस केवढें धन दिलें आहे, हें आपल्या घरांत थोड्यांसच ठाऊक असेल. राष्ट्रकूटांच्या मान्यखेट राजधानींत दहाव्या शतकांत राहिलेला महाकवि पुष्पदंत अपभ्रंश भाषेंत लिहीत असे. त्याचें ‘जसहरचरिउ’ डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनीं संपादून १९३१ सालीं कारंजा येथील जैन ग्रंथमालेंत प्रसिद्ध केलें. पुढें अमरावतीच्या महाविद्यालयांत अध्यापक असलेले डॉ. हिरालाल जैन यांनीं १९३३ मध्यें ‘पाहुडदोहा’ व १९३४ मध्यें मुनि कनकामराचें ‘करकंडचरिउ’ येथूनच उजेडांत आणलें. प्राकृत आणि आजच्या देशी भाषा यांच्या मधला जो दुवा पूर्वीं तुटक दिसे, तो या पोथ्यांनीं बराच जोडला.

त्या अपभ्रंशांत करितो या अर्थीं ‘करइ’, जातो या अर्थीं ‘जाइ’, म्हणतो या अर्थीं ‘भणइ’ हीं रूपें पानोपानीं येतात. हा वर्तमानकाळ आहे; संस्कृत ‘याति’, ‘भणति’ यांचा सरळ वंश. त्यांचेंच जुन्या मराठींत करी, जाई, म्हणे झालें. आणि शके १२१२ च्या ज्ञानेश्वरींतहि त्यांचा अर्थ बहुशः करितो, जातो, म्हणतो असाच आहे. पुढें मराठीनें ‘करीत’ या धातुसाधितापासून ‘करितो, करतो’ हा नवा वर्तमान घडविला. नव्यानें घर व्यापलें तशी जुन्यास माजघर सोडून ओसरीवर यावें लागलें, आणि तेथें ‘पूर्वीं नेहमीं करीत असे’ हें काम त्याच्याकडे आलें. झूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानें मराठीच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथांत या रूपाचें मूळ जुन्या वर्तमानांतच दाखविलें आहे. ‘वसति स्म’ मध्यें जें घडलें त्याच्याच जातीची ही गोष्ट, फक्त येथें ‘स्म’ सुद्धां लागला नाहीं.

म्हणींत मात्र जुना वर्तमान अजून जसाच्या तसा आहे. ‘देव तारी त्याला कोण मारी’ यांत देव पूर्वीं तारीत असे व आतां तारीत नाहीं, असा अर्थ कोणी करीत नाहीं. ‘बळी तो कान पिळी’, ‘खाई त्याला खवखवे’ हींहि तशींच. ‘तो उद्यां येणार आहे म्हणे’ यांतलें ‘म्हणे’ तर काळ, कर्ता सारें सोडून केवळ ऐकीव बातमीची खूण होऊन राहिलें आहे. गुरुचरित्राचें पारायण ज्या घरांत होतें तेथें हा प्रश्न निव्वळ व्याकरणाचा राहत नाहीं. ओवींतील ‘करी’, ‘म्हणे’ हें कथेच्या ओघांतलें करितो, म्हणतो, असें आहे कीं करीत असे, असें आहे, हें प्रत्येक ठिकाणीं संदर्भावरून ठरवावें लागतें. आणि ज्या मुलास हें रूपच अनोळखी, त्याच्यापुढें पोथी उघडी असूनहि मिटल्यासारखीच.

लॅटिनकडे एक ओझरती नजर टाकूं. स्पॅनिश ‘आबा’ हा लॅटिन ‘आबाम’ चा वारस. ‘एबाम’ मधला ‘ब’ स्पॅनिशनें गाळला, त्याचा ‘ईआ’ झाला. या लॅटिन ‘बा’ च्या पोटांत आपला ‘भू’ हाच धातु आहे, असें बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. तसें असेल तर ‘इबा’ म्हणजे ‘इ’ अधिक ‘भू’. एति मधला तोच ‘इ’. आणि मराठी ‘जात होता’ मधला ‘होता’ हाहि ‘भू’ चाच. शब्द घडविण्याची युक्ति दोहों ठिकाणीं एकाच घराण्याची निघावी, हें मौजेचें आहे.

आतां मुलीच्या दहा ओळींकडे वळूं. ‘से लेबांताबा’, पहांटे उठे. ‘रेगाबा ला तुळशी’, तुळशीस पाणी घाली. तुळशीस स्पॅनिश शब्द शोधीत बसूं नये. ‘लेईआ’, वाची. ‘कोमीआमोस तोदोस खुन्तोस’, आम्ही सर्व एकत्र जेवत असूं. शेवटच्या ठिकाणीं ‘आम्ही जेवूं’ असें आम्ही मुद्दाम लिहिलें नाहीं. कारण ‘आम्ही जेवूं, आम्ही जाऊं’ यांचा अर्थ आज निराळाच होतो. तेथें असणें या धातूचें साहाय्य घ्यावें : आम्ही जात असूं, तुम्ही जात असा, ते जात असत. वाक्यांत ‘तोदोस लोस दीआस’ म्हणजे रोज, ‘सिएंप्रे’ म्हणजे नेहमीं, ‘दे नीन्या’ म्हणजे लहानपणीं, असे शब्द आले कीं हा काळ येण्याचा संभव मोठा. ‘आयेर’ म्हणजे काल किंवा ‘उना बेस’ म्हणजे एकदां आला कीं बहुधा दुसरा. पण शब्दांवर सर्वस्वीं विसंबूं नये. “आजी तुळशीस पाणी घालीत होती, इतक्यांत आजोबा आले” यांत पाणी घालणें ‘रेगाबा’ आणि येणें ‘येगो’. चालूं क्रियेच्या अंगणांत एक घडलेली गोष्ट येऊन उभी राहते. घर मोठें होतें, विहीर होती, माझें वय आठ वर्षांचें होतें, नऊ वाजले होते, हें सारें याच अपूर्ण काळांत सांगावयाचें.

फसगत होते ती पुढील जागीं. “आम्ही अकोल्यास पांच वर्षें राहत होतों” असें मराठींत सहज म्हणतां येतें. येथें ‘बिबीआमोस’ लिहिलें तर स्पॅनिश माणसाच्या कानास खटकेल. कालावधि मोजून दिला कीं ती भाषा तो काळ बंद झाला असें समजते व पूर्ण भूतकाळ मागते : ‘बिबिमोस’, राहिलों. मोजमाप नसेल तर ‘बिबीआमोस’ खुशाल लिहावें. नकाराची गोष्टहि निराळी. ‘मूल जेवीना’ हें ‘जेवी’ चेंच नकाररूप. पण त्याचा अर्थ ‘जेवत नसे’ असा राहिला नसून, आईनें कितीहि समजाविलें तरी जेवावयास तयार होईना असा झाला आहे. त्यासाठीं ‘नो कोमीआ’ अपुरें पडतें. ‘नो केरीआ कोमेर’, खाण्याची त्याची इच्छा नव्हती, असें म्हणावें लागतें.

आमचें स्पष्ट मत असें कीं, हा काळ इंग्रजीच्या मध्यस्थीनें शिकणें हा द्राविडी प्राणायाम आहे. इंग्रजींत साधें भूतकाळाचें एकच रूप ‘एकदां गेलों’ आणि ‘रोज जात असें’ या दोन्ही अर्थीं चालतें. म्हणून इंग्रजींतून विचार करणारें मूल दोहोंस एकच स्पॅनिश रूप लावून मोकळें होतें. या मुलीच्या दहा ओळींत तेंच झालें आहे. मराठींत ‘गेलों’ आणि ‘जाईं’ या दोहोंचा भेद आधींच पक्का आहे. गोमंतकांत १९६१ पूर्वीं पोर्तुगीज शाळांतून शिकलेल्या मराठी घरांत तर हा काळ दोन बाजूंनीं येई. कारण पोर्तुगीजचें ‘फालावा’, ‘कोमीआ’ हें स्पॅनिशचें सख्खें भावंड.

मेक्सिकोस जाणारी ही कांहीं विदर्भांतली पहिली अभ्यासक नव्हे. वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे १९२४ सालीं तेथें पोंचले, चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयांत अध्यापक झाले, मक्याच्या जातींवर संशोधन केलें आणि शेतकऱ्यांसाठीं शाळा चालविल्या. हें सारें स्पॅनिशमधून. दिएगो रिबेरा या विख्यात चित्रकारानें १९२८ मध्यें मेक्सिको शहरांतील शिक्षणखात्याच्या इमारतींत जें भाकरीचें भित्तिचित्र काढलें, त्यांत पंक्तीच्या मध्यभागीं भाकरी वाटणारे गृहस्थ तेच. स्वातंत्र्यानंतर ते स्वदेशीं परतले व १९६७ सालीं नागपुरास निवर्तले. चापिंगो ज्या तेश्कोको भागांत आहे, त्याच भागांत आज मका व गहूं यांचें आंतरराष्ट्रीय संशोधनकेंद्र आहे. तेव्हां मक्याचा अभ्यास करणाऱ्या मुलीस त्या रस्त्यानें केव्हांतरी जावें लागेलच.

तेथें गेल्यावर तिला कांहीं क्रियापदें जपून वापरावीं लागतील. ‘साबीआ’ म्हणजे मला ठाऊक होतें. पण त्याच धातूचें ‘सूपे’ म्हणजे मला कळलें. ‘कोनोसीआ’ म्हणजे मी त्यांस ओळखत होतें. ‘कोनोसी’ म्हणजे त्यांची माझी ओळख झाली. मराठीनें येथें दोन निराळे शब्द योजिले आहेत. स्पॅनिश एकाच शब्दाचा काळ बदलून तें काम करते. “बाबांची प्रकृति बिघडल्याचें मला ठाऊक होतें” आणि “मला कळलें” यांत घोंटाळा झाला तर पत्र वाचणाऱ्याचा केवढा गैरसमज होईल, हें सांगावयास नको.

आणि शिष्टाचाराची एक गोष्ट. वडीलधाऱ्या माणसाकडे काम असतां आपण “एक विचारावयाचें होतें” असें म्हणतों. ‘विचारावयाचें आहे’ हें त्यापेक्षां थोडें आग्रही वाटतें. स्पॅनिशमध्येंहि नेमकें असेंच आहे. दुकानांत किंवा कचेरींत ‘क्येरो’, म्हणजे मला पाहिजे, असें म्हणण्याऐवजीं ‘केरीआ’, मला हवें होतें, असें म्हणतात. ‘उस्तेद’ म्हणजे आपण, हा आदराचा शब्द आला कीं क्रियापद ‘तो’ चें लावावयाचें. म्हणून ‘केरीआ’ हें मी, तो आणि आपण या तिघांसहि चालतें, व घोंटाळा होण्याचा संभव असेल तेथें सर्वनाम उच्चारावें लागतें. पहिले कांहीं दिवस मुलीनें प्रत्येक वाक्यापूर्वीं ‘यो’, म्हणजे मी, असें म्हटलें तरी कोणी हंसणार नाहीं.